दोन देशांत एक दांडा

फाटकमामांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली होता. टपाल वाटणाऱ्याचा खांदा पिशवीने उतरतो, हमालाचा ओझ्याने. मामांचा दोरीने उतरला. पुलाच्या तोंडाशी त्यांची चौकी. चौकीसमोर रस्त्यावर आडवा येणारा लांबलचक लाकडी दांडा, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. दोरी ओढली की दांडा खाली, सोडली की मागच्या टोकाला अडकवलेल्या लोखंडी वजनाने आपोआप वर. तारुण्यात मामांनी ती दोरी इतक्या वेळा ओढली की बायको म्हणायची, "झोपेतसुद्धा हात ओढता हो तुम्ही. काल माझी चादर ओढलीत."

पुलाच्या अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा. खाली नदी, तिला दोन्हीकडचं काही पडलेलं नव्हतं. पलीकडच्या टोकालाही अशीच चौकी, असाच दांडा आणि असाच एक दोरी ओढणारा. दोघे पुलाच्या दोन टोकांना बसून एकमेकांकडे बघत. सरकारी काम म्हणजे बहुतेक बघत बसणंच असतं, ते दोघेही मन लावून करत.

मग नऊ शेजारी देशांनी मिळून संघ केला. म्हणजे मोठ्यांनी केला, पुलावरच्या माणसांना तो बातम्यांत कळला. समारंभ मात्र पुलावर झाला. दोन मंत्री आले, दोन बँडपथकं आली, दोघांचा सूर शेवटपर्यंत जुळला नाही, ते लोकांनी हसून घालवलं. मामांनी दोरी सोडली, दांडा वर गेला, टाळ्या पडल्या. मंत्री म्हणाले, "हा दांडा आता पुन्हा कधी खाली येणार नाही!" आणि त्याच संध्याकाळी त्याच मंत्र्यांनी सही केलेल्या करारात एक कलम होतं: सर्व दांडे कायम चालू स्थितीत ठेवावेत, वर्षातून एकदा पाहणी व्हावी. लग्न लावतानाच सोडचिठ्ठी उशीखाली ठेवून झोपणारी ही जोडपी. पुढे काय होणार हे कळायला काही ज्योतिषी लागत नव्हता. पण त्या दिवशी सगळे पेढे खाण्यात गुंग होते.

संघाला पुढे पुष्कळ गोष्टी जमल्या नाहीत. नऊ देशांचं एकमत व्हायचं म्हणजे नऊ सासवांनी एका भाजीला किती मीठ घालायचं ते ठरवायचं. एकीने नाक मुरडलं की भाजी चुलीवरच. पण एक काम मात्र संघाने झकास केलं. नऊही देशांतले दांडे एका मापाचे केले. लांबी एक, जाडी एक, पट्टे एक, आणि टोकाला ठोकलेला पितळी बिल्लाही एक. जुने काढून नवे बसवले. दांडे आता कधी खाली येणार नव्हते, पण ते सगळ्यांचे सारखे आहेत याचं सगळ्यांना फार समाधान होतं.

मामांची नोकरी तशीच राहिली. ती रद्द करायला कुणाची तरी सही लागत होती आणि तो माणूस बदलून गेला होता. मामा रोज चौकीत येत, बिजागरीला वंगण घालत, डबा खात. वंगणाचा चपटा डबा त्यांच्या खिशात कायम. घरातलं एकही दार वाजत नसे. मामी म्हणायची, "चोर आला तरी कळायचं नाही." मामा म्हणायचे, "चोराला न्यायला काय आहे, तेवढं सांग."

पलीकडचा गडी मात्र वेगळा होता. रंगेल, बोलका, हात सढळ आणि हिशेब कच्चा. पुढे तो मामांचा व्याही झाला म्हणून त्याला आतापासूनच व्याही म्हणू. त्याने विचार केला, दांडा आता खाली येणार नाही असं खुद्द मंत्री सांगून गेलेत. मग एवढं चांगलं लाकूड उन्हातान्हात वाळवत ठेवायचं कशाला? त्याला घरावर एक खोली चढवायची होती. तुळई महाग. एका रविवारी त्याने दांडा काढला आणि खोलीच्या छताला तुळई म्हणून बसवला. माप असं चपखल बसलं की संघाने ते त्याच्याच खोलीसाठी ठरवलं असावं.

महिन्याभरात पाहणीचं पत्र आलं.

व्याही पूल ओलांडून मामांकडे आला तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. "मामा, मेलो."

"काय झालं?"

"दांडा छतात गेला."

मामांनी सगळं ऐकून घेतलं, वंगणाचा डबा उघडला, बंद केला. मग म्हणाले, "तुमची पाहणी कधी?"

"मंगळवारी."

"आमची पुढच्या महिन्यात."

बस, एवढंच बोलणं झालं. सोमवारी दोघांनी मामांचा दांडा खांद्यावर घेतला, एक पुढे एक मागे, पूल चालून गेले आणि पलीकडच्या बिजागरीत अडकवला. मंगळवारी पलीकडचा साहेब आला, दांडा खाली घेतला, वर केला, "छान" म्हणाला, जेवून गेला. बुधवारी दांडा परत. पुढच्या महिन्यात अलीकडचा साहेब आला, तोही "छान" म्हणाला, तोही जेवून गेला.

आणि मग हे दरवर्षी. गावाला सगळं ठाऊक, फक्त दोन्ही सरकारांना ठाऊक नाही. दांडा पुलावरून निघाला की चौकातला सलूनवाला ग्राहकाच्या गालावर साबण तसाच ठेवून बाहेर येई आणि ओरडे, "मामा, वरात कुणाची?" पोरंटोरं मागे चालत. दोन्हीकडच्या बायका खिडक्यांतून बघत. नव्याने राहायला आलेल्या एका मास्तरीणबाईंना तर कितीतरी वर्षं वाटत होतं, की हा मैत्रीचा काहीतरी सरकारी सोहळा आहे. त्या दरवेळी उभ्या राहून टाळ्या वाजवत.

पुढे दोघांचे खांदे कुरकुरायला लागले. मग मामांनी मागचं टोक लेकीच्या खांद्यावर दिलं आणि व्याह्याने पुढचं टोक मुलाच्या. आता तरणी पोर मागे, तरणा पोरगा पुढे, मध्ये दोन्ही देशांचा दांडा. तो मागे वळून बघू शकत नाही, ही पुढे जाऊ शकत नाही. प्रेमाला यापेक्षा चांगली सोय कुणी करून दिली असेल? तिसऱ्या वर्षी पूल ओलांडायला त्यांना एवढा वेळ लागला की सलूनवाल्याने दोन दाढ्या उरकल्या. चौथ्या वर्षी लग्न. आणि नवं जोडपं राहायला कुठे गेलं? त्याच वरच्या खोलीत. दांड्याखाली. जावयाने तुळईला चुना दिला होता, पण खालून तांबडे पट्टे वर येतच राहिले. लेक माहेरी आली की सांगायची, "झोपले की वर फाटक दिसतं, आई. बंदच असतं." मामी तोंडाला पदर लावून हसायची.

ही झाली बरी वर्षं. ती किती भुर्रकन गेली ते मामांना सांगता आलं नसतं.

आधी अलीकडचा फरशीचा कारखाना गेला. संघातल्याच एका गरीब देशात मजुरी स्वस्त होती, मालकाने यंत्रं उचलून तिकडे नेली. करारात तशी मुभा होती. गावातली तरणी पोरं कामाला संघातल्या श्रीमंत देशांत गेली आणि त्यांच्या जागी आणखी गरीब देशांतली पोरं इथल्या हॉटेलांत भांडी घासायला आली. आपली पोरं तिकडे उपरी, त्यांची पोरं इकडे उपरी, आणि कागदोपत्री सगळे एका घरचे. श्रीमंत देश म्हणू लागले, आम्ही किती दिवस पोसायचं? गरीब देश म्हणू लागले, आमची कर्ती माणसं नेलीत, म्हातारे ठेवलेत, वर पोसण्याची भाषा करता? दोघांचं खरं होतं, म्हणून भांडण मिटेना.

काटकसर म्हणून पुलाच्या दोन्हीकडे एकेकच गोष्ट ठेवली. मोठं रुग्णालय पलीकडे, शाळा अलीकडे. मामी दर आठवड्याला गुडघा शेकायला पलीकडे जायची. नात दप्तर घेऊन रोज अलीकडे यायची आणि दुपारी आजीकडे जेवून परत जायची. संसार एक, चूल अलीकडे आणि मोरी पलीकडे, असा प्रकार. चालला होता.

मग कुठल्याशा लांबच्या सदस्य देशाची बँक बुडाली, मागोमाग सरकार पडलं, आणि तिथली माणसं बोचकी घेऊन संघभर पांगली. काही या पुलावरूनही गेली. मामांनी चौकीतला माठ बाहेर आणून ठेवला, त्याबद्दल सलूनमध्ये दोन दिवस वाद झाला. पूर्वी "वरात कुणाची" विचारणारा सलूनवाला आता टीव्हीसमोर वस्तरा थांबवून उभा राहू लागला. टीव्हीवर एक पुढारी रोज म्हणायचा, "आपलं दार आपल्या हातात!" पलीकडच्या टीव्हीवर पलीकडचा पुढारी तेच म्हणायचा. दोन्हीकडे निवडणुका आल्या होत्या.

"बरोबर आहे की नाही, मामा?" सलूनवाल्याने विचारलं.

"आधी माझा कान आणि तुझा वस्तरा यांच्यात अंतर ठेव, मग सांगतो," मामा म्हणाले. पण सांगितलं काहीच नाही. त्यांना अलीकडे बोलायचाच कंटाळा आला होता. निवृत्ती तोंडावर आली होती. एवढे थोडे दिवस निघाले की पेन्शन घ्यायची, लेकीच्या दारात खुर्ची टाकायची आणि नातीची उजळणी घ्यायची, इतकाच त्यांचा राजकीय कार्यक्रम होता.

शुक्रवारी जिल्ह्याहून फोन आला. नव्या अधिकारी बाई होत्या, बाईसाहेब. आवाज बसलेला. "मामा, सोमवारी सकाळी दांडा खाली घ्यायचाय. तात्पुरता. फोटोवालाही येतोय. दांडा चालतो ना?"

"चालतो," मामा म्हणाले. जन्मात त्यांना एवढा चालणारा दांडा दुसरा माहीत नव्हता.

त्यांनी फोन ठेवला तोच दारात व्याही. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात बायकोची.

"तुमचापण सोमवार?" मामांनी विचारलं.

"सकाळीच. आमच्यांना म्हणे तुमच्या आधी बंद करायचाय."

"आमच्यांनाही तुमच्या आधी करायचाय."

दोघे स्वयंपाकघरात बसले. मामीने चहा ठेवला. कुणी तो उचलेना, साय धरली. इतकी वर्षं एक दांडा दोन देशांना पुरला, कारण दोघांनी कधी एकाच दिवशी दार लावायचं मनात आणलं नव्हतं.

"सुताराकडून नवा करून घेतला तर?" मामी म्हणाली.

"विचारून आलो," व्याही म्हणाला. "एवढं लांब लाकूड मागवायलाच आठवडा जाईल. आणि बिल्ला? तो कुठून आणू, विहीणबाई? तो संघाच्या टांकसाळीतच मिळतो."

"मग तुळई काढा."

व्याही चहाच्या सायीकडे बघत राहिला. "गवंडी म्हणतो, टेकू देऊन बदलायची तर पंधरा दिवस. घाईने ओढली तर छत खाली." मग एकदम म्हणाला, "मी सांगून टाकतो, मामा. मी चोरला म्हणून. काय करतील? आत टाकतील."

"आणि घर?"

सरकारी लाकूड छतात सापडल्यावर छताचं काय करतात, ते दोघांनाही माहीत होतं. शेजारच्या तालुक्यात एकाच्या गोठ्यात सरकारी तारेचं कुंपण सापडलं होतं, तिथे आज गोठा नव्हता.

मामा त्याच्याबरोबर पलीकडे गेले. जिना चढताना तीनदा थांबले. लेक खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती, जावई मालगाडी घेऊन बाहेरगावी. मामा तिच्या पलंगावर आडवे झाले आणि वर बघत राहिले. पट्टे होते. टोकाला भिंतीत अर्धा गाडलेला बिल्ला होता. दांड्याला दोरी बांधून नातीचा झोका केलेला होता आणि नात त्यात बसून पायाने भिंतीला ढकलत होती. मामांनी तुळईच्या दोन्ही बाजूंची गिलाव्याची भेग डोळ्यांनी मोजल्यासारखी पाहिली.

"काढून टाकू या, बाबा," लेक म्हणाली. "आम्ही खाली झोपू स्वयंपाकघरात. छत काय, परत घालता येईल."

"छत घालता येईल. तुझ्या सासऱ्याची नोकरी?"

"आणि तुमची?"

"माझी संपतच आलीय."

"म्हणजे पेन्शनच्या तोंडावर तुम्ही..."

"तू घड्या घाल," मामा म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी मामीला सांगितलं. मामीने आधी भांडी आपटली. चार भांडी आपटून झाल्यावर शांतपणे म्हणाली, "त्यांनी हौसेने खोली बांधायची आणि आपण म्हातारपणी उघड्यावर पडायचं. छान. लेक दिलीत, आता दांडाही द्या."

"लेकच आहे त्या छताखाली."

"ते मला शिकवू नका." पदराने हात पुसत ती खिडकीशी गेली. तिथून पूल दिसायचा. "द्यायचा तर द्या. पण उद्या तो तिकडे आडवा पडला, की आपण त्याच्या कुठल्या बाजूला राहू, तेवढं एकदा बघा."

मामांनी बघितलं होतं. जिना उतरतानाच.

रविवारी दुपारी त्यांनी स्वतःच्या दांड्याचं लोखंडी वजन उतरवलं, बिजागरीतली खीळ काढली. पुढचं टोक त्यांनी घेतलं, मागचं घ्यायला लेक आली. व्याह्याला चौकी सोडता येत नव्हती, राजधानीहून दोन नवे शिपाई त्याच्याकडे दाखल झाले होते. त्यांना त्याने सांगितलं, आमचा दांडा रंगवायला दिला होता, तो येतोय.

सलूनवाला सवयीने दारात आला. "मामा, यंदा पाहणी लवकर?" पुढे विनोद करावा म्हणून त्याने तोंड उघडलं होतं, पण मामांचा खांदा बघून त्याने ते मिटलं आणि पायरी उतरून, न विचारता, मध्यावर खांदा दिला. गल्लीच्या टोकापर्यंत. पूल सुरू झाला तसा तो थांबला. "सोमवारी बंद झालंच पाहिजे असं मीच म्हणत होतो," तो म्हणाला, कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

बापलेक पुलावरून निघाले. मध्यावर मामांनी दम खायला दांडा कठड्यावर टेकवला.

"बाबा, आठवतं? मी याच बाजूला असायचे. मागे."

"सगळ्या गावाला आठवतं," मामा म्हणाले. "दोन दाढ्या झाल्या होत्या."

ती हसली आणि हसता हसता तिचा आवाज बदलला, म्हणून मामांनी घाईने दांडा उचलला.

सोमवारी सकाळी बाईसाहेब आल्या. जीपमध्येच झोपल्या असाव्यात, गालावर सीटच्या शिवणीचा वळ होता. मागोमाग फोटोवाला. मामा चौकीसमोर उभे होते, स्वच्छ गणवेश घालून. त्यांच्या बाजूला रिकामी बिजागरी, छान वंगण घातलेली.

"मामा, दांडा?"

"नाही, बाईसाहेब."

"नाही म्हणजे?"

"दिला."

बाईसाहेबांनी आधी रिकाम्या बिजागरीकडे पाहिलं, मग मामांच्या खांद्याकडे, मग पुलाच्या दुसऱ्या टोकाकडे. तिथे दांडा आडवा पडलेला होता, झळझळीत, बिल्ला उन्हात चमकत. त्यांच्या हातातला फोन वाजत होता. त्यांनी तो वाजू दिला. हे समजायला त्यांना फार वेळ लागला नसावा, कारण जिल्ह्याला येऊन त्यांना वर्ष झालं होतं आणि केस कापायला त्यांचा ड्रायव्हर याच गावात यायचा.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या पाहणीपासून."

त्या चौकीच्या पायरीवर बसल्या. सरकारी माणसं अशी कुठेही बसत नाहीत. "मला आज असे आणखी दोन पूल बंद करायचेत," त्या म्हणाल्या. "एकावर माझी मावशी राहते. पलीकडे." फोन पुन्हा वाजला. या वेळी त्यांनी उचलला. पलीकडून राजधानीचा आवाज मामांनाही ऐकू आला: फोटो कुठाय, त्यांचा आधी आला तर काय तोंड दाखवायचं?

"पाठवतेय, सर." त्यांनी फोन ठेवला आणि फोटोवाल्याला म्हणाल्या, "पुलाच्या मध्यावर जा. तिकडचा दांडा घे. मागची पाटी येऊ देऊ नकोस."

"पण मॅडम, तो त्यांचा..."

"त्याच्यावर लिहिलंय का?"

नव्हतं लिहिलेलं. नऊ देशांनी एवढ्या काटेकोरपणे सगळे दांडे सारखे केले होते. दुसऱ्या दिवशी दोन्ही देशांच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर तोच दांडा. इकडचा मथळा, आम्ही आधी. तिकडचा मथळा, आम्ही आधी. दोन्ही पुढाऱ्यांनी तो फोटो सभेत हातात धरून दाखवला. सलूनवाल्याने दोन्ही पेपर आणले, शेजारी शेजारी आरशावर चिकटवले आणि त्या दिवशी टीव्ही लावला नाही.

जाताना बाईसाहेब म्हणाल्या, "नव्या दांड्याची मागणी लावते, मामा. मापाचा दांडा म्हणजे नऊही देशांची संमती लागेल."

"मग काही घाई नाही," मामा म्हणाले.

बाईसाहेब हसल्या. "तुम्ही निवृत्त होईपर्यंत तरी नाही." आणि जीपमध्ये बसल्या. मामांची नोकरी वाचली, पेन्शन वाचली, व्याह्याचं घर वाचलं. गोष्ट इथेच संपवावी असं कुणाच्याही मनात येईल.

पण त्या दुपारी नात जेवायला आली नाही. मामीने ताट वाढून ठेवलं होतं, ते तिने झाकलं, मग उघडून बघितलं, मग पुन्हा झाकलं. बुधवारी तिचा गुडघा शेकायचा दिवस होता. पास लागतो असं कळलं, पास राजधानीत मिळतो असं कळलं. ती म्हणाली, "राहू दे. मला कुठे धावायचंय?"

गुरुवारी मामा काम संपवून पुलावर चालत गेले. त्यांच्या बाजूने अडवायला काहीच नव्हतं. ते सरळ चालत गेले, पार दुसऱ्या टोकापर्यंत, आणि तिथे स्वतःच्या दांड्याला पोट टेकून उभे राहिले.

दोन शिपाई बाकावर बसले होते. व्याही उठून पुढे आला. त्याची मान खाली.

"पास?" त्याने विचारलं. डोळे मामांच्या बटणांवर.

"अहो, दांडा माझा आहे," मामा हळूच म्हणाले.

"काय म्हणतोय म्हातारा?" एका शिपायाने बसल्या जागेवरून विचारलं.

"काही नाही, साहेब. नात्यातले आहेत. वय झालंय." मग तोंड न हलवता, "मामा, रात्रंदिवस बसतात हो ही दोघं. जेवायलासुद्धा एकेकटे जातात. मी काय करू?"

"तुम्ही काय करणार. दोरी ओढायची." मामांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं आणि समोर उभ्या असलेल्यांचे चेहरे त्यांना आठवत नव्हते. ते आज, पोट दांड्याला टेकल्यावर, त्यांच्या लक्षात आलं. लाकूड एवढं उंच असतं, बरोबर बरगडीखाली लागतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

बातमी पोचली असावी. लेक आली, नातीचा हात धरून. शिपायांनी पाहिलं, पण आडवं बोलले नाहीत. त्यांनाही घरं असावीत. लेक दांड्याच्या त्या बाजूला उभी राहिली.

"आई कशीय?"

"ताट वाढून ठेवते."

"गुडघा?"

"बोलते त्याच्याशी. माझ्यापेक्षा जास्त."

नात दांड्यावर लोंबकळली. घरी झोका असतो, तशीच. दांडा खाली लवला आणि बिजागरी कर्रकन वाजली, असा कर्कश आवाज की बाकावरचे शिपाई दचकले. मामांनी व्याह्याकडे पाहिलं.

"वंगण?"

व्याह्याने कान खाजवला. "राहून गेलं."

"कधीपासून?"

"बसवल्यापासूनच, म्हणा ना."

मामांनी सुस्कारा टाकला, खिशातून चपटा डबा काढला आणि दांड्याच्या कडेने सरकत बिजागरीपर्यंत गेले. शिपाई उठला. "ए, तिकडे काय?"

"वाजतंय, साहेब," मामा म्हणाले. "तुमचीच झोपमोड होईल."

शिपायाने जांभई दिली आणि परत बसला. मामांनी बोटावर वंगण घेतलं, खांदा दुखत होता म्हणून डाव्या हाताने, आणि बिजागरीच्या आत, जिथे दांडा वर जाताना अडतो, तिथे सावकाश चोळायला सुरुवात केली. पलीकडून नातीने हात पुढे केला. मामांनी डबा दांड्याखालून तिच्याकडे सरकवला.

"त्या बाजूने तू लाव," ते म्हणाले. "आत बोट घाल. भरपूर. उघडायची वेळ आली तर अडकायला नको."